तांब्या चालतो, मग फुलपात्र का नको?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलगा एक वर्ष आठ महिन्यांचा, वजन साडेदहा किलो. रजा संपून शाळेत रुजू झाल्या तेव्हा लेकराला दुधाची बाटली लागली, ती अजून सुटलेली नाही. दिवसाला चार बाटल्या, प्रत्येकीत पाव लिटर दूध आणि दोन चमचे साखर. शेवटची बाटली झोपताना, ती तोंडात ठेवूनच तो झोपतो. जेवण नावालाच. उन्हाळ्यात पुण्याहून नणंद आली, ‘अजून बाटली?’ म्हणाली आणि जाताना नऊशे रुपयांचा तोटीचा कप देऊन गेली. त्याआधी यांनी स्वतःच दोन कप आणले होते. लेकरानं तिन्ही भिरकावले. शेजारीण म्हणते, निप्पलला कडुनिंबाचा पाला वाटून लावा. सासूबाई म्हणतात, ‘लेकरू रडायलंय अन् तुम्ही कप घेऊन बसलाव. द्या की बाटली, वाळायलंय बघा लेकरू.’ बाई विचारतात, ‘कोणता कप आणू म्हणजे तो पिईल? माझं लेकरू हट्टी आहे का? मी दिवसभर घरात नसते म्हणून असं झालं का?’ पत्राच्या मध्येच कंसात एक ओळ आहे: ‘आजोबांच्या तांब्यातून पाणी मात्र पितो, सगळं अंगावर सांडतो.’

बाळा, तुला ‘तू’च म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची आहेस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं. सगळ्या पत्रभर तू जे विचारतेयस, त्याचं उत्तर तूच कंसात घालून पाठवलंयस.

तांब्या हे काही पिण्याचं सोपं भांडं नव्हे. जड, पोट मोठं, काठ बाहेर वळलेला. थोडा जास्त कलला की पाणी नाकातोंडात. त्या तांब्याला ओठ लावून जे लेकरू पाणी पितं, त्याला ओठ मिटता येतात, जबडा धरता येतो, घोट गिळता येतो. पिण्याची सगळी विद्या त्याला आलेली आहे. त्यामुळं चौथा कप आणू नकोस. अडचण कपाची नाहीच.

मग तांब्या चालतो आणि कप का चालत नाही? त्याच्या बाजूनं बघ. ओसरीवर आजोबा बसलेत. आजोबा आधी स्वतः पितात, मग ह्याच्या तोंडाला लावतात. सांडलं तर सांडलं, फरशीच आहे. पिला तर पिला, कुणी टाळ्या वाजवत नाही, नाही पिला तर कुणाचं तोंड उतरत नाही. आणि मुख्य म्हणजे तांब्या आला म्हणून त्याचं काही गेलेलं नाही. कप येतो तो मात्र नेमका बाटलीच्या वेळेला. आत दूध, समोर आई, मागं आजी, दोघींचे डोळे त्याच्या तोंडाकडं. वीस महिन्यांच्या जिवाला एवढं कळतं की हे लाल-निळं डबडं आलं की आपली बाटली जाते. मग तो ते भिरकावतो. याला हट्ट म्हणायचं तर म्हण, मी हिशेब म्हणेन.

नणंदेच्या कपाबद्दल दोन शब्द, कारण असे कप आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतात आणि बऱ्याच आया विचारतात. तोटीच्या कपात आत एक रबरी झडप असते. कप उलटा केला तरी थेंब सांडत नाही, ही तिची करामत. पण त्याच झडपेमुळं दूध बाहेर काढायला लेकराला जोरात चोखावं लागतं, म्हणजे बाटलीच, फक्त निप्पल कडक. कडक तोटी जिभेवर दाबून बसते, घोट मागं सारण्याची मोठ्या माणसासारखी सवय लागत नाही. आणि ती झडप धुणं म्हणजे एक उद्योग, खाचेत दुधाची साय अडकून काळी पडते. शिकायला उघडं भांडं बरं, प्रवासाला नळीचा कप बरा. उघडं भांडं तुझ्या फळीवर आहेच, फुलपात्र. स्टीलचं, छोटं, काठ वळलेला, पडलं तर पोचा येईल पण फुटणार नाही. काचेचा ग्लास तेवढा नको, या वयात लेकरं काठ चावतात.

आता शेजारणीच्या कडुनिंबाचं. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगते. माझा धाकटा दोन वर्षांचा होता, मी निप्पलला कोरफडीचा गर चोळला. कडूजहर. त्यानं बाटली सोडली, खरंय. पण त्यानंतर दीड-दोन महिने पांढरं काही दिसलं की तोंड फिरवायचा. वाटीतलं दूध नको, ताक नको, दहीभातसुद्धा नको. आणि मी काही भरवायला गेले की आधी माझा हात हुंगायचा. दूध तो नंतर पुन्हा प्यायला लागला, पण ते हुंगणं मला आजही आठवतं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, गावोगाव दुसऱ्यांच्या लेकरांबद्दल सांगत फिरायचे आणि घरी हे. तेव्हा कडुनिंब नको, मिरची नको, ‘बाटली कुत्र्यानं नेली’ नको.

नणंदेचं बोलणं तुला लागलंय हे पत्रातून दिसतं. तिची बोलायची पद्धत चुकली असेल. पण बाटली आता सुटायला हवी, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. बालरोगतज्ज्ञ साधारण सहाव्या महिन्यापासून, वरचं अन्न सुरू होतं तेव्हाच, भांड्यातून घोट द्यायला सांगतात आणि वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान बाटली बंद करायला. तुमचं दोन महिन्यांनी पुढं गेलंय. एवढ्यानं आकाश कोसळत नाही. पण दोन गोष्टींकडं मात्र आजच बघ.

पहिली, दुधाचं माप. चार बाटल्या पाव-पाव लिटरच्या, म्हणजे रोजचं एक लिटर दूध. या वयाला ४०० ते ५०० मिली पुष्कळ झालं. एक लिटर दूध आणि आठ चमचे साखर पोटात गेल्यावर त्या एवढ्याशा पोटात भाकरीला जागा कुठं राहणार? सासूबाई म्हणतात जेवत नाही म्हणून दूध देते. मला वाटतं उलटं आहे, दूध जातं म्हणून जेवत नाही. आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. फक्त दुधावर वाढलेलं लेकरू गुबगुबीत दिसतं आणि रक्त कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ लेकरं रक्तक्षयाची निघाली. तेव्हा लेकराचे तळहात एकदा उजेडात बघ, फिकट वाटले तर डॉक्टरांना दाखव. आशाताईंकडं लोहाचं पातळ औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते चालू आहे का? पत्रात उल्लेख नाही.

‘वाळायलंय’ याचं उत्तर मात्र वादानं देऊ नकोस, काट्यानं दे. वीस महिन्यांच्या मुलाला साडेदहा किलो हे चांगलं वजन आहे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. पुढच्या वेळी सासूबाईंनाच लेकरू घेऊन पाठव. ताई तक्त्यावर टिंब कुठं पडलं ते दाखवतील, हिरव्या पट्ट्यात. सुनेनं सांगितलेलं आणि अंगणवाडीच्या ताईनं सांगितलेलं यात फरक असतो. तो का असतो हे विचारू नकोस, असतो.

दुसरी गोष्ट, रात्रीची बाटली. लेकरू झोपलं की लाळ कमी सुटते, गिळणं मंदावतं आणि गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. तिथंच कीड आधी लागते. खालच्या दातांना जीभ झाकते म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. उद्या सकाळी त्याला दारात, उन्हाकडं तोंड करून मांडीवर घे आणि वरचा ओठ अंगठ्यानं हलकेच वर कर. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? दिसली तर ती कीड लागण्याची सुरुवात आहे. पिवळी-तपकिरी झाली असेल तर दातांच्या डॉक्टरांकडं जायला उशीर करू नकोस. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. पडणार आहेत, पण त्यातले काही दाढा-सुळे दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तोवर दुखतात ते खरेच दुखतात. शिवाय आडवं पडून बाटली पिणाऱ्या लेकरांना कानाचं दुखणंही जास्त होतं.

मग करायचं कसं? सुरुवात कपानं नको आणि दुधानंही नको. सुरुवात ओसरीवर, आजोबांपासून. तांब्याशेजारी एक फुलपात्र ठेवायचं. आजोबा तांब्यातून फुलपात्रात दोन घोट पाणी ओततील, दोनच, आणि त्याच्या हातात देतील. आपण भरून देतो तिथं चुकतो. भरलेलं भांडं जड, तोंडाशी आलं की लोंढा येतो, लेकरू ठसकतं आणि घाबरतं. दोन घोटांनी फारतर बनियन ओलं होईल. त्याचे दोन्ही हात भांड्याला, त्यावर आजोबांचा एक हात, काठ खालच्या ओठावर टेकवायचा आणि थांबायचं. भांडं आपण कलवायचं नाही, तो ओढील तेवढंच. दोन-तीन दिवसांत बघ, तो दोन घोट पिऊन फुलपात्र आजोबांपुढं धरेल, पुन्हा ओता म्हणून. ओतण्याची गंमतच मोठी असते.

मग त्यात घट्टसर ताक. किंवा आंबील, किंवा पातळ वरण. घट्ट पदार्थ पाण्यासारखा एकदम येत नाही, लेकराला सावरायला वेळ मिळतो. एक सांगून ठेवते, आजोबांचा तांब्या तांब्याचाच असेल तर त्यात पाणीच, ताक-दूध नाही. आंबट लागलं की धातू सुटतो. स्टीलला ती भीती नाही. दूध सगळ्यात शेवटी, आणि तेही बाटलीच्या वेळेला नाही. तुम्ही चहाला बसता तेव्हा तुमच्याबरोबर. तुमच्या हातात कप, त्याच्या हातात फुलपात्र. त्याला चहा नको हे वेगळं सांगायला नको.

बाटल्या एकदम चारही तोडू नकोस. दुपारची आधी, कारण तिच्यावर त्याचा जीव सगळ्यात कमी असतो. त्या वेळेला पोटभर काहीतरी दे, दूध-भाकरी कुस्करून, दही-भात, उडदाचं घुटं नि भात वर लिंबू पिळून, चालत असेल तर अंडं. दूध-भाकरीतलं दूधही दूधच आहे, मापात धर. चार-पाच दिवस स्थिरावलं की संध्याकाळची, मग सकाळची. साखर आजपासून अर्धी, चार दिवसांनी त्याच्या अर्धी. त्या रंगीत चॉकलेटी पावडरींकडं वळू नकोस, बहुतेकींत साखरच जास्त. मध्येच ताप, जुलाब, लस किंवा लग्नाचं गाव आलं तर जिथं आहात तिथंच थांबा. मागं गेलात तरी चालेल, आठ दिवसांनी पुन्हा.

दिवसाच्या बाटल्या सासूबाईंच्या हातात आहेत, म्हणून त्यांच्याशिवाय हे होणार नाही. तू त्यांना अडसर समजतेयस. त्यांना एकदा निवांत विचार, ‘आत्याबाई, ह्यांना लहानपणी वरचं दूध कशानं पाजलंत?’ मी सांगते, निम्म्या घरांत उत्तर येईल वाटी-चमचा. त्याआधीच्या पिढीत बोंडलं होतं, चोचीचं. बाटली आपल्याकडं घरोघर आली ती नंतर. सरकारी दवाखान्यांत कमी वजनाच्या, चोखायची ताकद नसलेल्या बाळांना आजही वाटी-चमच्यानंच दूध पाजतात, बाटलीनं नाही. आणि आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं दूधबाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. अशी बंदी घालावी लागली ती उगाच नाही, बाटलीनं जुलाब होऊन लेकरं दगावत होती. म्हणजे तू काही पुण्याचं नवं खूळ घरात आणत नाहीयेस, त्यांचीच जुनी रीत परत आणतेयस. तसं त्यांना म्हण. मनापासून म्हण, कारण ते खरंच आहे.

पाण्याचा हिशेबही त्यांना पटेल. चार बाटल्या म्हणजे बाटली, निप्पल, कडं, झाकण असे सोळा तुकडे रोज ब्रशनं घासायचे आणि उकळायचे. आपल्या भागात हे कुणाला परवडतं? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस त्यांच्याही ध्यानात असतील. त्या उन्हाळ्यात मी एका घरी गेले होते. पोर तिसऱ्यांदा जुलाबानं दवाखान्यात जाऊन आलेलं. बाई म्हणाली, ‘ताई, पिण्याला पाणी नाही, बाटली कशात उकळू?’ निप्पलच्या आत बोट घातलं तर बुळबुळीत थर. तिला मी वाटी-चमच्यावर आणलं. वाटी तांब्याभर पाण्यात स्वच्छ होते आणि उन्हात पालथी घातली की वाळते. निप्पलचं आतलं अंग उन्हाला कधी दिसत नाही.

राहिली रात्र. ती सगळ्यात शेवटी आणि ती अवघड, खोटं कशाला सांगू. तिथं दूध हे दूध नसतं, तू असतेस. दिवसभर शाळेत असलेली आई त्या बाटलीबरोबर त्याला मिळते. म्हणून रात्री बाटली काढताना तुझा वेळ काढू नकोस, तो वाढव. जेवणानंतर फुलपात्रातून दूध. मग दात, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून. मग अंथरूण, आणि त्यानंतर फक्त पाणी. पहिले काही दिवस अंथरुणातल्या बाटलीत दुधात पाणी घाल, पाव भाग, चार दिवसांनी निम्मं, मग निव्वळ पाणी. निव्वळ पाण्याच्या बाटलीत बहुतेक लेकरांना राम वाटत नाही. हे पातळ दूध फक्त सवय सोडवण्यापुरतं, पोटाचं दूध आधीच फुलपात्रातून गेलेलं असलं पाहिजे.

आणि एक विचारू? तुझ्या पत्रात सासूबाई आहेत, नणंद आहे, शेजारीण आहे, आजोबा आहेत. लेकराचा बाप एका ओळीतही नाही. त्या तीन-चार रात्री, ज्या रडण्याच्या असतील, त्याला झोपवायला बसव. त्याच्या अंगाला दुधाची ओढ नाही, म्हणून लेकरू बापाजवळ लवकर समजूत घालून घेतं. पाठीवर थोपटावं, गल्लीतल्या म्हशींची नावं सांगावीत, काहीही. तू तोवर बाहेर बस आणि आत धावू नकोस. हे सगळ्यात अवघड काम तुझ्या वाट्याचं.

नोकरीमुळं असं झालं का, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं एका शब्दाचं उत्तर आहे: नाही. घरात चोवीस तास असणाऱ्या आयांची तीन-तीन वर्षांची बाटलीवरची लेकरं मी पाहिलीत.

ज्यांची लेकरं अजून अंगावर पितात त्यांनी हे वाचून घाबरू नये. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालतं, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. आणि ज्यांचं बाळ आत्ता सहा महिन्यांचं आहे त्यांनी आजच वाटीतून घोटभर पाणी लावून बघावं, पुढचा सगळा खेळ वाचेल. मात्र लेकरू प्रत्येक घोटाला ठसकत असेल, दूध नाकावाटे येत असेल, किंवा दोन-तीन महिने वजन जागचं हललं नसेल, तर भांडी बदलत बसू नका, डॉक्टरांकडं जा. तुझ्या लेकराचं तसं काही नाही, तांब्यानं ते सिद्ध केलंय.

सगळं धरून महिना-दीड महिना लागेल. बाटल्या सुटल्या की त्याच्यासमोर फेकायचा समारंभ नको, एक दिवस माळ्यावर जाऊ देत.

तो नऊशेचा कपही फेकू नकोस. त्यातली झडप उपटून काढ, मग तोटीतून पाणी आपोआप येतं आणि एसटीच्या धक्क्यांत तो बरा पडतो, निम्मं तरी तोंडात जातं. दिवाळीला नणंद आली आणि ‘कप वापरता का गं?’ म्हणाली, तर पिशवीतून काढून दाखव. वापरतो की, गावाला जाताना.